डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा: मेंदूला इजा झालेल्या गोमंतकीयांसाठी खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
आरोग्य सेवा संचालनालयाचे अधिकारी,
आणि डोक्याला मार लागलेल्या माणसांना जगवून घरी पाठवणारे गोव्यातले सर्व डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच मांडते. मेंदूला इजा झालेला रुग्ण इस्पितळातून घरी जायच्या आधी त्याचं बोलणं, समजणं, आठवण, लक्ष आणि गिळणं यांची तपासणी व्हावी. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ असावी: वाचोपचार (स्पीच थेरपी) आणि आकलनाचे, म्हणजे लक्ष, आठवण आणि कामाची आखणी यांचे, उपचार कुठे, कोणाकडे आणि कोणत्या तारखेला सुरू करायचे. इजा अपघातातली असो, मेंदूतल्या रक्तस्रावाची असो की गाठ काढल्यानंतरची, नियम सगळ्यांना एकच असावा.

मी फोंडा तालुक्यात एका शाळेत मराठी शिकवते. माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. पावसाळ्यात रात्री कामावरून येताना त्याची स्कूटर घसरली आणि डोक्याच्या डाव्या बाजूला जबर मार बसला. १०८ची गाडी वेळेत आली, शस्त्रक्रिया झाली, आयसीयूतले दिवस गेले आणि तो वाचला. ज्यांनी त्याला वाचवलं त्यांचे उपकार आमच्या घरात कोणी विसरणार नाही. रात्रपाळीच्या एक सिस्टर त्याला कूस बदलून देताना दरवेळी नावाने हाक मारून सांगायच्या, ‘आता तुम्हाला उजवीकडे वळवते हां.’ बेशुद्ध माणसाशी इतक्या अदबीने बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर फिट येऊ नये म्हणून गोळी होती, टाके काढायचा दिवस होता, पुन्हा सीटी स्कॅन करायची सूचना होती. उजवा हात कमजोर होता म्हणून फिजिओथेरपीही लिहिली होती. बोलण्याबद्दल काही नव्हतं. विचारलं तेव्हा ‘येईल हळूहळू’ एवढंच उत्तर मिळालं. इस्पितळाचं नाव मी लिहीत नाही, कारण नंतर ज्या ज्या कुटुंबांशी बोलले, त्यांच्या हातात वेगवेगळ्या ठिकाणांहून, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडून, जवळजवळ असंच कार्ड आलं होतं. एका डॉक्टरला किंवा एका वॉर्डाला दोष देऊन हे सुटणार नाही. कार्डाचा नमुनाच बदलायला हवा.

‘हळूहळू येईल’ यात थोडं तथ्य आहे. मेंदूची सूज उतरते तसं काही आपोआप परततं. पण मेंदूचा जो भाग गेला तो पुन्हा उगवत नाही. शेजारचे आणि पलीकडच्या बाजूचे भाग त्याचं काम थोडंथोडं उचलायला शिकतात, आणि ते शिकणं सरावावर अवलंबून असतं. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. नेमका तोच काळ कुटुंब औषधं, बिलं आणि पोलीस पंचनाम्याच्या कागदांत घालवतं, कारण दुसरं काही करायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. उलटही एक गैरसमज पसरलेला आहे, की सहा महिने झाले म्हणजे आता जे आहे तेच राहणार. तेही खरं नाही. वेग मंदावतो, पण सुधारणा वर्षानुवर्षं होत राहू शकते. उशिरा आलेल्या रुग्णाला ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवू नका, ही माझी डॉक्टरांना हात जोडून विनंती.

हे ज्ञान नवं नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या बाजूचा पुढचा भाग आणि बोलणं यांचा संबंध दाखवला. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी बोलणं बिघडण्याचा दुसरा प्रकार मांडला. त्यात माणूस भरभर बोलतो, पण त्याच्या बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला नीट उमगत नाही. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळ्या आणि छर्रे लागलेल्या सोव्हिएत सैनिकांना पुन्हा वाचायला, बोलायला, विचारांची आखणी करायला शिकवण्याचं मोठं काम मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी केलं. भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६०च्या दशकापासून वाचा-तज्ज्ञ घडवते आहे. मुंबईत वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, बंगळूरला मेंदू आणि मनाच्या आजारांसाठीची निम्हान्स आहे. १९९२ सालच्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यावसायिकांची नोंदणीही ठरवून दिली. म्हणजे शास्त्र आहे, माणसं घडवणाऱ्या संस्था आहेत, कायदा आहे. आमच्या घरच्या खाटेपर्यंत मात्र यातलं काही आपणहून आलं नाही.

भावाचं काय झालं होतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘बोलता येत नाही’ या एका वाक्यात फार वेगवेगळे त्रास कोंबले जातात आणि मग उपचारही चुकतात. त्याला जे झालं त्याला वाचाघात म्हणतात. शब्द आत असतो, पण सापडत नाही किंवा भलताच बाहेर पडतो. तो चहाला चावी म्हणायचा आणि आपण चुकलो हे त्याच क्षणी कळून खाटेवर हात आपटायचा. त्याच वॉर्डात एका काकांना शब्द बरोबर सुचायचे, पण जीभ आणि ओठ ढिले पडल्याने बोलणं दारू प्यालेल्या माणसासारखं जड यायचं. आणखी एका बाईंचा उच्चार स्वच्छ होता, व्याकरण ठीक होतं, पण विषय सोडून त्या भलतीकडे जात, समोरच्याला बोलू देत नसत. या तिघांना तीन वेगळ्या वाटांनी उपचार हवेत. कोणाला कोणते, हे वाचा-तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय कळायला मार्ग नाही.

तपासणी लवकर व्हायला हवी याचं एक कारण तर जिवाशी निगडित आहे. मेंदूच्या इजेनंतर पुष्कळांचं गिळणं बिघडतं. पाणी किंवा पेज श्वासनलिकेत जाते, कधीकधी ठसकाही लागत नाही, आणि न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी हेही वाचा-तज्ज्ञाचंच काम आहे. ‘तोंडातून द्यायला हरकत नाही’ असं सांगण्याआधी ती व्हावी.

भाऊ देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा आणि गायचाही. घरी आल्यावर एका गुरुवारी मंडळी भेटायला आली आणि त्यांनी त्याच्या उशाशी बसून अभंग धरला. ज्याला आईकडे पाणी मागता येत नव्हतं, तो दुसऱ्या ओळीपासून शब्द न चुकवता गायला लागला. घरात सगळे रडले. वाचा परत आली असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागायला त्याच्याकडे पुन्हा शब्द नव्हता.

यात चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. पाठ असलेलं गाणं, अंक मोजणं, परवचा, स्तोत्रं हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेलं असतं. गाण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो, त्यामुळे डावी बाजू दुखावली तरी ते बऱ्याचदा शाबूत राहतं. यावरच आधारलेली एक उपचारपद्धती १९७३ साली बॉस्टनमध्ये मांडली गेली: छोटं, रोजच्या गरजेचं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग सूर हळूहळू काढून घ्यायचा. पुढे आम्हाला एक वाचा-तज्ज्ञ मिळाल्या, आमच्या फिजिओथेरपिस्टनी आपणहून सुचवल्या म्हणून. त्यांनी नेमकं तेच केलं. पखवाजाच्या ठेक्यावर ‘म्हाका जाय’, म्हणजे ‘मला हवं’, हे दोन कोकणी शब्द, मग त्यापुढे एकेक वस्तू. भजनाची परंपरा गोव्यातल्या गावागावात आहे. सप्ताह, जत्रा, दिंडी यांत वाढलेल्या माणसांच्या मेंदूत सुरांचा एवढा साठा पडून असताना तो उपचाराला वापरायचा हे कोणीतरी ठरवलं पाहिजे ना? ते प्रशिक्षित माणसाने ठरवावं, नाहीतर मंडळी नुसती गात राहतात आणि रुग्ण गाण्यातच अडकून राहतो.

भाषेचा प्रश्न आमच्या राज्यात वेगळाच आहे आणि त्याकडे खात्याचं लक्ष मुद्दाम वेधते. माझा भाऊ घरात कोकणी बोलतो, वर्तमानपत्र आणि अभंग मराठीत वाचतो, गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलतो, आणि त्याच्या कामातल्या सगळ्या वस्तूंची नावं इंग्रजी आहेत. आमच्यासारखी हजारो घरं आहेत. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही जागा मिळाली, पण सुरुवातीला भावाची चाचणी झाली ती हिंदी आणि इंग्रजीत. त्याला त्यात जे जमलं नाही ते इजेमुळे की भाषेमुळे, हे कोणाला सांगता येणार? एकाहून अधिक भाषा येणाऱ्या माणसाच्या सगळ्या भाषांवर इजेचा परिणाम सारखाच होईल असं नसतं. एखादी आधी परतते, एखादी मागे राहते. म्हणून प्रत्येक भाषा वेगळी तपासावी लागते आणि घरच्यांना विचारावं लागतं, की हा कोणाशी काय बोलायचा, रागावला की कुठल्या भाषेत रागवायचा.

चित्रांचंही तेच. समोर ठेवलेल्या कार्डांवर बर्फातलं घर आणि परदेशी फायर ब्रिगेडची गाडी होती. आमच्या माणसाला आदोळी (विळी), पोदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, तुळशीवृंदावन, फेरीबोट, कदंबची बस, परसातलं माड-पोफळ यांची चित्रं हवीत. उपचाराचा हेतू त्याने रोजच्या जगण्यात परत यावं हा आहे, तर शब्दही त्या जगण्यातलेच घ्यायला नकोत का?

आता दुसऱ्या भागाकडे येते. तो जास्त कठीण आहे, कारण तो दिसत नाही.

काही महिन्यांनी भाऊ बोलायला लागला. वाक्यं तुटक, पण कामापुरती. गल्लीतले, नातेवाईक, सगळे म्हणाले, बरा झाला. एक दिवस स्वयंपाकघरातला बोर्ड बिघडला म्हणून त्याने टेस्टर आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मेन स्विच बंद न करता बोर्ड उघडायला बसला. वहिनीने पाहिलं म्हणून निभावलं. नंतर त्याला विचारलं, बोर्ड उघडण्याआधी काय करतात? त्याने क्षणात उत्तर दिलं, मेन बंद. त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असलेलं हाताला वेळेवर सांगणारा मेंदूचा पुढचा भाग दुखावला होता. लुरियांनी आपल्या रुग्णांत हेच पुन्हा पुन्हा नोंदवलं होतं, की माणूस सूचना बरोबर म्हणून दाखवतो, पण त्याची कृती त्या सूचनेमागे जात नाही.

कृपया या उदाहरणावर थांबून विचार व्हावा. अशा माणसाला ओपीडीत पाच मिनिटं प्रश्न विचारले तर तो सगळी उत्तरं बरोबर देईल. नाव, गाव, वार, मुख्यमंत्री कोण. ‘काही त्रास?’ म्हटलं तर ‘काही नाही’ म्हणेल, आणि ते तो खोटं बोलत नसेल. आपल्याला काय होतं आहे याची जाणीवच कमी होणं हाही या इजेचा एक परिणाम आहे. मग त्याला कामावर जायला हरकत नाही असा शेरा मिळतो. गोव्यात अशी माणसं उद्या बार्जवर चढतील, क्रशरवर उभी राहतील, पायलट म्हणून मोटारसायकलवर मागे प्रवासी घेऊन निघतील. म्हणून कामावर परत पाठवण्याआधी लक्ष, स्मरण, वेग आणि कामाची आखणी यांची रीतसर तपासणी हवी, आणि तपासणाऱ्याने घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारायला हवं.

आकलनाचे उपचार म्हणजे मोबाइलवरची शब्दकोडी आणि ‘मेंदूचे व्यायाम’ असा समज आहे. अशा खेळांत माणूस त्या खेळापुरता तरबेज होतो, त्याचा रोजच्या कामाला फायदा होईलच असं नाही. भावाच्या थेरपिस्टनी काय केलं ते सांगते. एका फळीवर वीज नसलेला सरावाचा बोर्ड बसवून घेतला. त्याच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून कामाच्या पायऱ्यांचा कागद चिकटवला. पेटी उघडली की कागद समोर. प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणायची, करायची, खूण करायची, मग पुढची. काम संपल्यावर काय ठरवलं होतं आणि काय झालं हे दोन वाक्यांत सांगायचं. कंटाळवाणं आहे, आणि कंटाळा येईपर्यंत केल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. आज तो एका जुन्या मित्राच्या हाताखाली, मित्र समोर असतानाच, काम करतो. एकट्याने मेनच्या कामाला हात लावत नाही, हा नियम त्याने स्वतः वहीत लिहिला आहे.

ती वही म्हणजे त्याच्या दिवसाचा आधार आहे. सकाळी काय करायचं, कोण येणार, गोळी कधी, कोणाला काय कबूल केलं. वही कायम एकाच जागी, एकाच रंगाची. मोबाइलवर गजर लावलेले. अवघड काम सकाळी, कारण दुपारनंतर त्याचा मेंदू थकतो. बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस. यातलं काहीही महागडं नाही. पण हे कोणत्या क्रमाने, कधी सुरू करायचं आणि कधी सोडायचं हे शिकलेल्या माणसाने शिकवावं लागतं.

आपल्याकडे आजारी माणसाला बघायला सगळं गाव येतं, आणि येणारा प्रत्येक जण खाटेशी वाकून विचारतो, ‘मला ओळखलंस? सांग बघू मी कोण?’ प्रेमानेच विचारतात. पण स्मरण दुखावलेल्या माणसाने अंदाजाने चुकीचं नाव घेतलं की ती चूकच त्याच्या मनात पक्की होऊ शकते, आणि लाजेने तो माणसं टाळायला लागतो. थेरपिस्टनी आम्हाला शिकवलं, की परीक्षा घेऊ नका, आधी सांगा: ‘मी तुझा मामा, माशेलहून आलो.’ चूक होऊच न देता शिकवण्याची ही पद्धत स्मरणाच्या उपचारात मान्य आहे. खात्याने कोकणी आणि मराठीत अशा सूचनांचं एक पान छापून प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना द्यावं. त्याला खर्च किती येणार?

आणखी एक गट सगळ्यांच्या नजरेतून निसटतो, आणि शिक्षिका म्हणून त्याबद्दल लिहिणं मला भाग आहे. इजेची तीव्रता मोजण्यासाठी १९७४ पासून ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ३ ते १५ गुण असतात आणि १३ किंवा त्याहून जास्त असले की इजा सौम्य धरतात. सौम्य इजेची बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. काहींचं मात्र स्कॅन साफ असूनही लक्ष टिकत नाही, डोकं दुखतं, उजेड आणि गोंगाट सोसत नाही. अकरावी-बारावीतली मुलं स्कूटरवरून पडतात, दोन दिवसांनी वर्गात येतात, आणि पुढच्या चाचणीत त्यांचे गुण घसरतात. शाळेला कोणी कळवलेलं नसतं. मुलगा आळशी झाला, उर्मट झाला असा शिक्का बसतो. डॉक्टरांनी शाळेच्या नावे चार ओळींचं पत्र दिलं तर आम्ही त्याला जादा वेळ देऊ, मधे विश्रांती देऊ, पुढच्या बाकावर बसवू.

आता पैशाचं आणि योजनांचं. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. त्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजना चांगली आहे, तिच्याने जीव वाचतील. पण माझा भाऊ पहिल्या सात दिवसांत डोळेही उघडत नव्हता. त्याचे बोलण्याचे उपचार ज्या दिवशी सुरू होणं शक्य होतं, तो दिवस अशा योजनेच्या बाहेर पडतो. आपल्या राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे आणि ती ठरलेल्या पॅकेजवर चालते. त्या यादीत वाचोपचार आणि आकलनाच्या उपचारांची सत्रं, रुग्ण दाखल नसतानाही, स्पष्ट शब्दांत आणि पुरेशा संख्येने घाला. पुरेशी म्हणजे किती? उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२३ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी सर्व प्रकारचं पुनर्वसन मिळून रोज किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस, असं सुचवलं आहे. आम्हाला जे मिळालं ते याच्या जवळपासही नव्हतं, आणि जे मिळालं त्यासाठी वहिनीच्या बांगड्या गेल्या.

राज्याकडे हे करायची क्षमता नाही असं मला वाटत नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्याने स्टेमी प्रकल्प उभा केला. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातलं मोठं केंद्र आणि तालुक्यातली छोटी केंद्रं एकमेकांना जोडून रुग्णाला जवळच्या ठिकाणीच पहिला उपचार देण्याची व्यवस्था त्यात आहे. तीच रचना इथे का नको? बांबोळी, म्हापसा आणि मडगाव इथे वाचा-तज्ज्ञ, लक्ष-स्मरण तपासणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट आणि रोजची कामं पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचा गट असावा. पेडणे, वाळपई, सांगे, काणकोणच्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी बसावं, आणि मधल्या दिवशी व्हिडिओवरून सराव व्हावा. काणकोणहून आजारी माणसाला बसने बांबोळीला न्यायचं म्हणजे उपचाराला पोहोचेपर्यंतच त्याचा मेंदू दमलेला असतो. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाचा-तज्ज्ञाची जागा २०१३ पासून आखलेली आहे. चाळिशीत पुन्हा पहिला शब्द शिकणाऱ्या माणसासाठी तशी जागा आखलेली मला कुठे सापडली नाही.

कायद्याबद्दल थोडंसंच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा आणि भाषेच्या अपंगत्वात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. त्यामुळे कायमचा दोष राहिला तर ओळखपत्राचा मार्ग असतो. पण ज्याची वाचा ठीक आहे आणि निर्णयशक्ती, स्मरण गेलं आहे, त्याची इजा त्या यादीत नावाने नाही. त्याच्या बाबतीत कागदोपत्री तपासणी अधिकच महत्त्वाची. अपघात भरपाईच्या लवादापुढेही हेच होतं. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, पण हरवलेली आखणी कोणी मोजलेलीच नसेल तर ती दाव्यात येणार कुठून? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, की भरपाई ठरवताना त्या माणसाच्या कमाईच्या क्षमतेवर प्रत्यक्ष काय परिणाम झाला हे पाहावं. ते पाहायला आधी अहवाल लागतो.

डॉक्टरांना दोन गोष्टी. फिटसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटामने काही रुग्णांची चिडचिड फार वाढते. हे घरच्यांना आधीच सांगा आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका हेही सांगा. दुसरं, नैराश्य. आपल्याला पूर्वीसारखं जमत नाही हे जसजसं कळायला लागतं, तसतसा माणूस आत आत जातो. भाऊ बोलायला लागल्यावर जास्त गप्प झाला होता, आणि ते गप्प राहणं वेगळं होतं. प्रत्येक फॉलो-अपला त्याबद्दल विचारा.

मंत्रिमहोदय, मोठी इमारत मागत नाही. कार्डावरची ओळ एका परिपत्रकाने येऊ शकते. वाचोपचार कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी मिळतो याची यादी खात्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. पॅकेज आणि नेमणुका यांना वेळ लागेल हे समजतं, त्या पुढच्या अर्थसंकल्पात याव्यात.

एक काम आम्ही उचलायला तयार आहोत. मराठी आणि कोकणी शिकवणारे आम्ही काही शिक्षक आणि एक चित्रकला शिक्षक मिळून गोव्याच्या घराअंगणातल्या वस्तूंचा, कामांचा, माणसांचा चित्रसंच काढायला लागलो आहोत. दोन्ही भाषांतली सोपी वाक्यंही जमवतो आहोत. कोणता शब्द आधी, कोणता नंतर, कोणतं चित्र गोंधळात टाकेल, हे ठरवायला आम्हाला नोंदणीकृत वाचा-तज्ज्ञ हवा. खात्याने तो द्यावा, आणि म्हैसूरच्या संस्थेकडे आमच्या वतीने विचारणा करावी. संच तयार झाला की तो सगळ्या इस्पितळांना मोफत देऊ. शाळा सुटल्यावर आणि रविवारी आम्ही मोकळे असतो. कोणाला, कुठे आणि कधी भेटायचं ते कृपया कळवावं.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक शिक्षिका